सूस रोडचा दिवा

सूस रोडच्या वळणावर एकच पिवळा दिवा उरलाय.
बाकीचे दिवाळीआधीच पांढरे झाले.
वायरमन कुदळे म्हणाले,
हा खांब आमच्या यादीतच नाही, मॅडम.
नसू दे.
यादीत नसलेलं जास्त टिकतं.

तिसऱ्या मजल्यावर मी एक तारा रचत बसलेय.
बहात्तर थर. सांगायला कांद्यासारखे,
बघायला नुसत्या आकड्यांच्या ओळी:
खोली, तापमान, दाब, इलेक्ट्रॉन किती.
प्रत्येक थराला बजावून ठेवलंय,
आपल्यापुरतं बघायचं,
शेजारी काय चाललंय ते विचारायचं नाही.
(पुण्यात हे गृहीतक कुणाला वावगं वाटू नये.)

सोडियमच्या रेषेच्या कडा जुळतात.
कडा येतात खालून, दाट, तापल्या थरांतून,
तिथे सगळं गर्दीच्या हिशेबानं चालतं.
पण मधला गाभा
दुर्बिणीतून आलाय काळाभोर,
आणि माझा फिका, पाणी घातलेल्या शाईसारखा.
सूक्ष्म खळबळ नावाचा एक आकडा असतो,
न कळलेल्यावर लावायचं ठिगळ.
तो वाढवून बघते.
रेषा रुंदावते. काळी होत नाही.

घैसास सर फोनवर एवढंच म्हणतात,
"बुधवारी संपव. गुरुवारी लाइट नसते."

बुधवारी रात्री साडेअकराला खाली उतरते
भाचीनं शाळेसाठी केलेला बुटांचा खोका घेऊन.
एक चीर, आत सीडीचा तुकडा, भरपूर चिकटपट्टी.
दिव्याकडे धरते.
पिवळ्याच्या ऐन मधोमध,
सगळ्यांत उजळ असायला हवं तिथेच,
काळी फट.

नळीच्या पोटात सोडियम रसरसलेला,
भिंतीलगत तोच सोडियम निवलेला,
आणि बाहेर पडू पाहणारा स्वतःचाच उजेड
दारात अडवून गिळणारा.

"काय तपासताय, मीटर?"
पानटपरीवाला शटर ओढता ओढता थांबलाय.
"रेषा बघतेय."
"रस्तारुंदीची?" त्याचा चेहराच उतरतो.
"नाही हो. दिव्यातली."
मग तोही खोक्याला डोळा लावतो, बराच वेळ.
"मधे काळं आहे की."
"हो."
"मग बल्ब गेलाय तुमचा."

वर येऊन ती एक ओळ खोडते.
आता विचारा, शेजाऱ्याला विचारा,
खालच्यानं काय पाठवलं, वरच्यानं काय ठेवून घेतलं.
सगळ्यांत वरच्या थराला परत देणारं कुणी नसतं,
त्याचा उजेड जातो तो जातोच.
ही गळती मी धरलीच नव्हती.

पहिली फेरी. नववी. एकतिसावी डगमगते,
उलटी जाते, सावरते.
खाली दूधवाल्याची मोटारसायकल.
सत्तेचाळिसाव्या फेरीला गाभा काळवंडू लागतो,
पुरता नाही अजून,
आणि टेबलाखालून यूपीएस शिट्टी घालतो.

गुरुवार.