पाऊण मिलिमीटर

दुपारी तीनला, अक्कलकोट रोडची एमआयडीसी
पत्र्याखाली भाजत असताना
जुबेर आला. येझदीचं हेड टॉवेलात बांधलेलं,
गावाहून कडक भाकरी बांधून आणावी तसं.

"मामू, दोन एमएम उडवा.
दाब वाढला पाहिजे. होटगीच्या मैदानात
बार्शीची पोरं दोनदा पुढं गेली."

दोन एमएम.
चहात साखर कमी, अशा आवाजात.

हेड उलटं केलं.
काजळी धरलेला घुमट, कडेनं जुन्या गॅस्केटचा वळ.
वर ग्रीस लावून भोकाची काच चिकटवली
आणि मेडिकलमधल्या सिरिंजनं
रॉकेल सोडत गेलो, थेंब थेंब.
शेवटचा बुडबुडा काचेखाली हिंडत राहतो,
भोक समोर असून त्याला दिसत नाही.
मग दिसतं.
एकोणचाळीस सीसी.
पेटायला एवढीच जागा.

गणित सोपं आहे.
जागा कमी करा, पेट्रोल तेच, जोर जास्त.
पोरं इतकंच ऐकून येतात.

साखर पेठेत आमची खोली दहा बाय बारा.
दोन माग, सहा माणसं.
मागाच्या पायाशी सूप घेऊन आई विड्या वळायची,
थोरली पानं कापायची,
मी झोपायचो तिथं सकाळी बीम यायचा.
जागा कमीच होती.
जोर होता का?
होता की. भिंतीपलीकडचे चिप्पा
रात्री दोनला उठून बसायचे.
नाना ठिणगीच्या आधीच पेटायचे.
इंजिनात त्याला ठोका म्हणतात.
घरात त्याला नाव नव्हतं.

त्यांच्याकडून एक शब्द तेवढा आणला : सूत.
त्यांचं सूत तुटलं की
बोटाला थुंकी लावून, चालत्या मागावर
गाठ मारता यायची,
आणि चादर झाल्यावर ती गाठ
त्यांची त्यांनाही सापडायची नाही.
इथं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
इथं गाठ नसते.
बुरा झाडून परत लावता येत नाही.

प्लगच्या आट्यांवर साचा आवळला,
तोंडाला निळा रंग फासला,
डायलची सुई थरथरली, शून्यावर बसली.
पहिला हात नुसता रंग पुसण्यापुरता.
सगळीकडे चकचकीत झालं,
एका कडेला नखाएवढं निळं राहिलं.

"हे कधीतरी फार तापलंय."

जुबेर पंख्याकडे बघत होता.
"अब्बा. विजापूरहून येताना.
घाई होती त्यांना, थांबलेच नाहीत."
कुठली घाई, ते मी विचारलं नाही.

मग कटर चालला.
ॲल्युमिनियम चिकट, मधे मधे रॉकेल मारावं लागतं.
पांढरा कीस माझ्या हातावर, चपलेत,
चहाच्या कपात.
निळं गेलं. मोजलं : पाऊण.
हँडल माझ्या हातात होतं, मशीनची ना नव्हती.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
मैदानात त्याहून जास्त,
आणि गाडीवर हा, पंचावन्न किलोचा, बिनहेल्मेटचा.

काच, ग्रीस, रॉकेल.
साडेछत्तीस.

"झाले दोन?"
"झाले."

त्यानं तोंडावरून अंगठा फिरवला,
आरशात बघतात तसं त्यात बघितलं,
तीनशे दिले, टॉवेल विसरला.

रविवारी संध्याकाळी फोन.
मागं गाडी चालूच होती.
निकाल नंतर विचारला,
आधी फोन कानाशी दाबून ऐकत राहिलो,
पलीकडून टकटक येते का.
नाही आली.

"तिसरा आलो, मामू!
अजून एक एमएम निघेल ना? उद्या आणू?"

"मशीन बंद पडलंय," मी म्हणालो.

माझ्या मागं कूलंटचा पंप
चांगला मोठ्यानं चालला होता.
त्यालाही ऐकू गेला असणार.