आंब

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
चाळीस इवले प्याले, बोटाच्या पेराएवढे,
शनिवारी रात्री गरम पाण्यातून काढायचे,
फडक्याने पुसायचे, उपडे घालायचे.
एवढीच माझी सेवा. बोलणं पुरुषांचं.

आमच्या बेटावर झाड नाही. वारा काही उभं राहू देत नाही.
मेंढ्या, गवत, छपरांवरसुद्धा गवत,
आणि घराघराच्या भिंतीआड रुबार्ब,
लाल देठांचा, आंबट, हट्टी.

सामाल माझा धाकटा दीर.
तेव्हा कर भरल्याची पावती दाखवली
की डेन्मार्कहून पेटी यायची.
इतरांना ती नाताळपर्यंत पुरे,
त्याला गुरुवारपर्यंत.
त्या मार्चमध्ये होडीचं इंजिन त्याच्या हाती होतं
आणि हात त्याच्या हाती नव्हते.
माझा तोर्मोद परत आला
डाव्या हाताची तीन बोटं समुद्राला देऊन.
चार वर्षं मी सामालशी बोलले नाही.

मग त्याने शपथ घेतली,
मंडळीसमोर, टोपी चुरगाळत.
जीभ अडखळली, पहिल्यांदाच कोरडी असून.
त्यानंतरच्या रविवारी भाकर घेतली,
प्याल्यांचं ताट आलं तेव्हा
श्वास धरून पुढे सरकवलं.
त्याच्या पुढच्या रविवारीही. त्याच्याही पुढच्या.
मी समोरच्या बाकावरून पाहायची
त्याचा गळा,
घोट नसताना घोट गिळणारा.

प्रभूच्या मेजावर उपाशी बसलेला माणूस
तीन बोटांपेक्षा जड असतो का?
मला हा हिशेब येत नाही.

जूनमधल्या एका शनिवारी मी बाटली उघडलीच नाही.
देठं चिरली, उकळली, गाळली.
साखरेच्या डब्याला हात गेला होता.
मागे घेतला.

पहिला प्याला म्हाताऱ्या हानुसचा.
तीस वर्षं तो सांगत आलेला:
द्राक्षवेलीचंच हवं, लिहिलंय तसं, एक अक्षर इकडेतिकडे नाही.
त्याने घोट घेतला,
आणि तोंड वाळत घातलेल्या माशासारखं आकसलं.
मागे एक पोर खुदकन हसलं.
मी माझ्या बुटांच्या नाड्या पाहत राहिले.

तो उठला. काठी न घेता.
"खिळे ठोकण्याआधी," म्हणाला,
"गुंगी आणणारा रस त्याच्यापुढे धरला होता.
नको म्हणाला.
सगळं शुद्धीत सोसायचं होतं त्याला.
अगदी शेवटी घेतली, ती आंब."
जरा थांबला.
"आणि हे, रान्वा, चांगलंच आंबट आहे."
बसला.

ताट सरकत सरकत सामालपर्यंत गेलं.
त्याने आधी वास घेतला,
मग माझ्या बोटांकडे पाहिलं. नखांत लाल अजून होतं.
प्याला ओठांना लागला तेव्हा
मी मान वळवली. एवढं त्याचं त्याला असू द्यावं.

त्यानंतर तो दोनदा घसरला.
एकदा सणात, एकदा उगाच, बुधवारी.
लोक म्हणतात, रुबार्बने काय होणार.
काही नाही. रुबार्ब तो रुबार्ब.

पण शनिवारी देठं तोच आणतो, मातीसकट.
मी धुते.
तोर्मोद उरलेल्या दोन बोटांनी
गाळण्याच्या फडक्याचं टोक धरतो.
फारसं बोलत नाही कुणी.
चाळीस प्याले. सगळे भरायचे असतात.