अब्रश

घोड्याच्या कातडीवरून आला हा शब्द.
अबलख निराळा. त्याचं काळं-पांढरं वाटून घेतलेलं,
भावांनी बांध घालावा तसं.
अब्रश म्हणजे शिंतोडलेला,
रंगाचं मनाशी काहीच ठरलेलं नाही असा.
मग कधीतरी तो घोड्यावरून उतरला
आणि गालिच्यावर येऊन बसला.

गिऱ्हाईक निळ्यावर बोट ठेवतं :
इथून पुढे हा फिका का?
आगा बहादोर साखरेचा खडा दातात धरून
चहाचा घोट घेतात. म्हणतात, अब्रश.
विकत घेताना हाच शब्द नाक मुरडून,
विकताना डोळे मिटून.

आता कारखान्यातही करतात अब्रश.
यंत्र मोजून चुकतं,
दर दीड हातावर.

मला कुणी विचारत नाही.
शिराझच्या बाजारात रफूगाराला
'कधी देणार' एवढंच विचारतात.
मी गालिचा उलटा करतो आणि
गाठी वाचतो.

हा फिरूझाबादच्या वरच्या अंगाचा. विणणारी माहपरी.
तिचा मुलगा खांद्यावर टाकून घेऊन आला तेव्हा सांगत होता :
अर्धा झाला आणि मेंढ्या वर न्यायचे दिवस आले,
माग उपटून खेचरावर बांधला,
डोंगरापलीकडचं पाणी जरा खारं,
नीळ तीच, हात तेच,
रंग मात्र दुसराच उतरला.

आणि हा तीन बोटांचा पट्टा? धुतल्यासारखा?
तो हसला. पन्नाशीचा माणूस, कान लाल झाले.
आईला ताप होता. पिंपापाशी मला बसवलं होतं.
बाहेर पोरं खेळत होती.
मी लोकर लवकर काढली.

तिनं पाहिलं. उसवलं नाही.
तेच विणलं, पुढे गेली.

नेमकी त्या पट्ट्यातच कसर लागलीय,
बोटभर भोक.
माझ्या पेटीत सतरा निळे आहेत,
नऊ वर्षांच्या घाईचा त्यात नाही.

काल पिंप लावलं. लोकर बुडवली.
तीनदा ठरवलं, आता काढायची,
आणि तीनदा हात सवयीनं थांबला
रंग पुरता चढेपर्यंत.

आज नातवाला बसवलंय.
गल्लीतून त्याला हाका येतायत.
मी पाठ करून
दुसऱ्याच कुठल्या गालिच्याची
गोंड्याची कड शिवतोय.