खालच्या टाक्याची खाच

माझ्याकडे एक चावी आहे, तीन फूट लांब,
डोक्याला आडवा दांडा.
जमिनीत रोवून दांड्याला कान लावला
तर रस्त्याखालचं पाणी ऐकू येतं,
किंवा येत नाही.

मनमाडात सतराव्या दिवशी नळ येतो.
सोळा दिवस मी नुसता एक सायकलवाला,
सतराव्या दिवशी बायका मला दादा म्हणतात
आणि पाठ वळली की दुसरं काहीतरी.
वरच्या आळीला बारा फेरे,
टोकाच्या गल्लीला नऊ.
नऊच का, मी कधी विचारलं नाही.
माझ्या आधी फ्रान्सिस होता, तोही नऊच फिरवायचा.

चैत्रातल्या एका रविवारी भिवसन आबा म्हणाला,
"चल किल्ल्यावर. टाकी उपसू. गाळ चढलाय."
त्याच्या मेंढ्या तिथलंच पितात.
माझं काय होतं तिथं?
पण सुट्टी होती, आणि घरात पिंपं रिकामी.

टाक्यात उतरायला पायऱ्या नाहीत,
कातळात अंगठ्यापुरते कोनाडे.
आत शाळेतल्या ओल्या पाटीचा वास.
पाटी भरायची, दोर ओढायचा,
वर आबा ओतायचा, परत खाली.
गाळात निघाल्या तीन बाटल्या, चपलेचा एक पट्टा
आणि वानराच्या पिल्लाची कवटी, लिंबाएवढी.
ती आबाने मुंडाशाच्या शेवात बांधली.
"खाली नेऊन पुरू," एवढंच बोलला.

दुपारी भिंत उघडी पडली.
छिन्नीचे घाव, ओळीने, एकाच तिरक्या दिशेला,
जसा पाऊस वाऱ्याने झुकतो.
फक्त एका कोपऱ्यात उलटे.
मी बोट फिरवलं, मग हात तसा उगारून बघितला.
इथं कुणीतरी डावखुरा बसला होता.
मीही डावखुरा. आईने लहानपणी
हाताला फडकं बांधून ठेवलं होतं, तरी.

संध्याकाळी माथ्यावर भाकरी सोडली.
सगळा कातळ एका अंगाला कललेला,
कललेला नाही, कलवलेला;
त्यावर बोटभर खोल चर,
आणि चर जिथे फुटतो तिथे दोन खाचा :
एक जवळच्या टाक्याला, एक पार खालच्या.
सवयीने मापलं.
जवळची चार बोटं. खालची सहा.

"आबा, हे चुकलंय."
"चुकंल कसं? खालचं लांब हाये ना.
पानी वाटंत दमतं.
थोडं कातळ पितो, थोडं ऊन.
ती दोन बोटं वाटंची."

आणि तो चटणी वाढायला लागला,
जणू काही बोललाच नाही.

सतराव्या दिवशी, पहाटे साडेचारला,
टोकाच्या गल्लीत साबेराआपा नेहमीसारखी
अकरा भांडी मांडून उंबऱ्यावर बसलेली.
चार भरतात, हे तिला माहीत असतं.
सात ती कशाला मांडते, ते मला माहीत नव्हतं.
मी चावी रोवली.
नऊ झाले. हात थांबला नाही.
दहा. अकरा. पंधरा.
नळ शिंकला, हवा ओकला, गढूळ थुंकला,
मग असा काही धरला
की आपा उठली आणि भांड्याखालचा हात काढायचं विसरली.

सोमवारी नोटीस आली.
वरच्या आळीची तक्रार. खुलासा सादर करावा.
छापील कागद, खाली रकाना :
ज्यादा फेऱ्यांचा आदेश कोणी दिला,
नाव व हुद्दा.

पेन बराच वेळ उघडं ठेवलं. शाई वाळली.
मग लिहिलं :
नाव माहीत नाही.
पाथरवट. डावखुरा.

साहेबांनी अजून वाचलेलं नाही.
पुढचं पाणी बुधवारी आहे.
चावीला तेल दिलंय.