वाइंड अप

अशोक चौकात, टॉवेलच्या दुकानावर माझा क्लास.
सहा बाकं, एक फळा, आणि एक पंखा
जो एप्रिलमध्ये गरम हवाच इकडची तिकडे करतो.
आजचा धडा: क्रियापद
आणि त्याच्या शेपटीला बांधलेलं एवढंसं अव्यय.

सांगत होतो, अप म्हणजे दरवेळी वर नव्हे.
ईट अप म्हणजे माळ्यावर बसून जेवणं नव्हे,
ताट चाटूनपुसून लख्ख करणं.
आपण नाही का म्हणत, खाऊन टाक, बोलून बसलो,
तसंच त्यांचं हे टाकणं-बसणं.
तिघं लिहून घेत होते. चौथा मोबाइलमध्ये.

मागच्या बाकावरून नागमणी बोद्दुल उठल्या.
बोटांना सुताची तूस,
पदराच्या गाठीत घडी घातलेला कागद.
"सर, हे बगा की ओ. कारखान्याच्या गेटवर डकवलंय,
पोरानं फोटू काढून झेरॉक्स आणलाय.
ह्यातला वाइंड अप कुठला?"

फळ्यावर मी नुकतंच घड्याळ काढलं होतं,
चावी देण्याचा अर्थ समजवायला.
म्हटलं, वाइंड अप म्हणजे... गुंडाळणं.
"म्हंजे?"
दोरा गुंडाळतात, तसं.

त्या हसल्या. वर्ग तेव्हा कुठे जागा झाला.
"मंग ते तर मीच करते की, एकोणीस वर्षं.
कांड्या भरते.
मालक कशाला बसायलाय कांडीवर?"

एकाच शब्दात सूत कांडीवर चढतं,
घड्याळ चालू होतं,
कारखाना बंद पडतो.
पुस्तकात तिन्ही अर्थ एकाखाली एक,
मध्ये श्वास घ्यायला ओळसुद्धा सोडलेली नाही.

"बंद," शेवटी म्हणालो. "तीस जूनला."

त्यांनी कागद होता त्याच घड्यांवर मिटला.
"असं सरळ लिवायला काय झालतं?"
आपणही कुठे सरळ म्हणतो, गाशा गुंडाळला म्हणतो,
हे मनात आलं.
बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. वाक्यात उपयोग करा.
नागमणीबाईंनी देवनागरीतच लिहिलं होतं:
आय वाइंड अप यार्न.
मालक वाइंड अप मी.

दुसरं वाक्य चूक. माणसाला वाइंड अप केलं
तर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो चिडवणं.
लाल पेनाचं टोपण काढलं,
बराच वेळ तसंच धरून बसलो.

फी मात्र त्यांनी ऑगस्टपर्यंतची भरलीय,
दहादहाच्या नोटांत,
कांडीच्या दोऱ्यानं बांधून.