दांडी

गच्चीवरचं कूलरचं स्टँड जानेवारीत रिकामंच असतं.
लोखंडी अँगल, चार पाय, पोपडे धरलेला निळा रंग.
मी त्याला टेप लावत होते
तेव्हा शेजारच्या गच्चीवरून चकोले काकूंनी विचारलं,
काय करून राहिली वं एवढ्या उन्हात?
गोफण, म्हटलं. मोठी. स्वतःच्या पायांवर उभी राहणारी.
त्यांनी पापड उलटे केले
आणि पुढचं विचारलं नाही.

ऑफिसात सी.एल. टाकली. कारण : घरगुती.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या जमाखर्चावर
लाल टिंबं देणारी बाई दांडी मारते,
कशासाठी, तर दांडी बसवण्यासाठी.

लकडगंजातून सात फुटांची सागाची बल्ली आणली.
आसाला रज्जाक वेल्डरकडचा पंपाचा जुना शाफ्ट.
भोक कुठे पाडायचं, यावर आठ दिवस झोप नाही.
मधोमध पाडलं तर तो तराजू.
मध्यापासून जितकं सरकाल
तितकी ती खोटी होत जाते
आणि तितकं लांब फेकते.
शेवटी एका बाजूला सव्वा फूट ठेवला,
बाकी सगळी दुसऱ्या बाजूला.
रज्जाकनं ड्रिल टेकवून दोनदा विचारलं,
इथंच ना मॅडम? भलतंच झुकून राहिलं हे.
झुकू द्या.

वजन घरातच होतं.
इतवारीतलं दुकान मिटलं तेव्हापासून पलंगाखाली, पोत्यात :
दहाची दोन, पाचाची दोन, दोनाचं एक, कडी तुटलेलं.
पोटात शिसं, शिशावर सालोसालचे ठसे.
ठसा मारायला इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी
बाबा दाढी करून बसायचे.
चाळीस वर्षं तूरडाळ जोखली, काटा कधी मारला नाही.
हे ते स्वतः सांगत नाहीत,
उधारी बुडवून गेलेली गिऱ्हाइकं सांगतात.

घेऊ का, मी विचारलं.
विकतेस?
नाही. टांगते.
टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले,
मग पुसून घे.

रविवारी बेसाच्या पुढे, न विकल्या गेलेल्या ले-आउटमध्ये,
छोट्या हत्तीतून सगळं उतरवलं.
बाबांची खुर्चीसुद्धा, मफलरसकट बाबासुद्धा.
बारदानाच्या तुकड्याची झोळी, झोळीत कवठ.
(जो तो संत्री सुचवत होता.
अहो, फुटतं ते. झोळीतच.)

पहिलं कवठ मागे गेलं, गाडीच्या टपावर.
दुसरं सरळ वर.
सरळ वर गेलेल्या कवठाखाली उभं असताना
माणसाला आपलं वय नीट कळतं.
रज्जाकचा नावेद म्हणाला, हुक वाकवा ना थोडा.
पकडीनं वाकवला,
करंगळीच्या नखाएवढा.

तिसऱ्यांदा दोरी ओढली.
बत्तीस किलो खरं वजन
समोरच्या पारड्याची वाट न पाहता
खाली आलं,
बल्ली कण्हली, झोळी उलगडली,
आणि कवठ गेलं,
पिवळ्या गवतावरून, नंबरांच्या दगडांवरून,
बाभळीच्या वरून,
कोणाच्याही न झालेल्या प्लॉटांवरून.

बराच वेळ काहीच नाही.
मग लांबून, टप्प.

टेप पन्नास फुटांतच संपला, म्हणून नावेद पावलं मोजत निघाला.
आणि खुर्चीतून बाबा, त्याच्या पावलाबरोबर,
दुकानातल्या आवाजात :
लाभ.
दोन.
तीन.
चौदाला त्याची पँट बाभळीत अडकली.
बाबा थांबले,
बोट मुडपून, तोंड अर्धवट उघडं ठेवून,
माप हातात धरून थांबावं तसे.
पंधरा.

सत्तेचाळिसाला नावेद ओरडला,
फुटलं आजोबा! गर सगळा मातीत!
मी वही उघडली.
बाबा म्हणाले, वर मूठभर घाल.
अहो बाबा, हे अंतर आहे.
घाल म्हटलं ना.

हुक अजून किणकिणत होता.
मी लिहिलं : सत्तेचाळीस पावलं.
टिंब न देता थोडी थांबले,
मग पुढे, बारीक अक्षरात :
अधिक एक मूठ.