नाही एक, नाही दोन

आमच्यात माणसं मोजत नाहीत.
नवगावच्या दफनभूमीतून परतताना आजोबा
पोरं गोळा करत म्हणायचे,
नाही एक, नाही दोन, नाही तीन...
आकड्याला दृष्ट लागू नये म्हणून
त्याच्या गालावर काढलेली काजळाची तीट.

ठाण्याहून आणलेली ही पोरं मीही तशीच मोजते.
पहाटे करमळीला गाडीतून उतरताना,
हॉस्टेलात चहाच्या रांगेत,
नाही सोळा, नाही सतरा.
मेनाशे रोहेकर नेहमीच बाथरूममध्ये.
तो नाही अठरा.

जुन्या गोव्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे.
आम्ही पाहायला आलो ते पाडून टाकलेलं.
कॅथेड्रलजवळ मोकळं मैदान, गवत, दोन कुत्री,
सोड्याच्या बाटलीचं झाकण.
"इथे?" यफेत विचारतो.
इथेच. लोक त्याला नुसतं व्हडलें घर म्हणायचे,
खरं नाव घ्यायला जीभ धजत नसे.

मी वहीतून वाचते.
पोर्तुगालहून जीव घेऊन आलेले,
डोक्यावर पाणी ओतून घेतलेले, तरीही
शुक्रवारी चादर बदलली म्हणून धरलेले.
दारात तुळस ठेवली म्हणून धरलेले.
आणि तो वैद्य,
पणजीत ज्याच्या नावाच्या बागेत
काल तुम्ही आइस्क्रीम सांडलंत,
त्याची हाडं उकरून जाळली, मेल्यावर बारा वर्षांनी.
"मेल्यावर?"
मेल्यावर.
"एकूण किती माणसं, टीचर?"
माहीत नाही. मोजली होती त्यांनी नीट,
शाईने, तारखेसकट.
मग ती दप्तरंही जाळली.

बिस्किटाच्या डब्यातून पोरांनी
नवगावच्या किनाऱ्यावरचे खडे आणलेत,
कबरीवर ठेवायला. कबर कुठाय?
एलिशेबा गवतातच वाकते, तोच रखवालदार धावत येतो,
"फातर दवरूं नाकात गो, तण कापपाची मशीन मोडटा!"
कुणीतरी हसतं. मग सगळेच हसतात, मीही,
आणि लगेच लाजते.

कद्दीश म्हणायची होती.
दहा जण लागतात. तेरा वर्षांवरचे. मुलगे.
यफेत बोट नाचवतो, नाही आठ, नाही नऊ,
आणि हनोखला अजून पाच आठवडे बाकी.
सगळे माझ्याकडे बघतात.
मी बुटांकडे.
"पण टीचर," शिफ्रा आष्टमकर म्हणते,
घामाने चष्मा घसरलेला,
"आपल्यात माणसं मोजत नाहीत ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.
आजोबा असते तर काय म्हणाले असते,
कोण जाणे. कदाचित रागावले असते.
यिथगद्दल, हनोखने सुरू केलं, फाटत्या आवाजात,
जो अजून बाईचाही नाही, बुवाचाही नाही,
आणि मुलींनी आमेन म्हटलं,
पहिलं दबकत,
दुसरं नाही.
रखवालदाराने टोपी काढून हातात धरली होती.
त्याला काय कळलं, मी विचारलं नाही.

त्याच्या टेबलावर पाहुण्यांची नोंदवही.
नाव, गाव, एकूण.
एलिशेबाने खड्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला,
"काका, मशीन इथे येत नाही ना?"
त्याने एक खडा निवडला, पुसला,
वाऱ्याने उलटणाऱ्या पानांवर ठेवला.

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं.
"टोटल?" तो म्हणाला.
पेन तिथेच थांबलं.
"सगळीं आयलीं मगे?"

नाही, म्हटलं.
एक यायचाय अजून.